गाडी लागलेली आहे

बाळकुम, ठाणे
१५ जानेवारी

मामा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण हे पत्र मी खोपट डेपोच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून लिहितेय. इथे एक खुर्ची, एक टेबल आणि एक माईक मावतो, आडवं व्हायला जागा नाही. सोबत तिळगूळ आहे. टपालात चुरा झाला असेल तर मामीला चमच्याने द्यायला सांगा, पण गोड बोला.

खरं तर फोनवर हे दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण दीड वर्षापूर्वी तुम्ही फतवा काढलात, "रेडिओच्या माणसाने पत्र लिहावं. फोन करू नये. तुझं अक्षर बिघडलंय." तेव्हापासून ठाणे ते डोंबिवली आमची बातमी पोस्टमनच्या खांद्यावरून जाते. मामी म्हणते, मामा हट्टी झालेत. मी म्हटलं, झालेत?

आता बसून वाचा. मी रेडिओवर बोलणार आहे! राष्ट्रीय प्रसारणात!

झालं असं. गेल्या आठवड्यात एक बाई गाडीची वाट बघत फलाटावर उभ्या होत्या. मी नेहमीसारखी माईकवर बोलले, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." बाई गाडीत बसायचं सोडून माझ्या खिडकीशी. नाव संचिता, रेडिओवर कार्यक्रम करतात. म्हणाल्या, "तुमचे च आणि ज इतके स्वच्छ कुणी करून घेतले?" मी म्हटलं, पोपटमामांनी. मग त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही आमच्या बाळकुमच्या चाळीत भाडेकरू होतात, वागळे इस्टेटला कामाला जायचात, संध्याकाळी ओट्यावर रेडिओ लावून मला समोर बसवायचात आणि बातम्या संपल्या की तीच बातमी माझ्याकडून म्हणवून घ्यायचात. "चार चाकं, चांगला जावई, जड जेवण" हेही म्हणून दाखवलं. त्या हसल्या आणि माझा नंबर घेऊन गेल्या. त्यांची गाडी चुकली ते वेगळं.

तेरा फेब्रुवारीला, रेडिओ दिनाला, पहाटेपासून रात्रीपर्यंत नुसतं बोलणं आहे. एकही गाणं नाही. भाषणं, मुलाखती, श्रुतिका, प्रश्नमंजूषा, समालोचन. प्रत्येक भाषेतल्या एका माणसाने आपल्या कामातल्या एका शब्दावर दहा मिनिटं बोलायचं. मराठीची दहा मिनिटं मला दिलीत, दुपारी चार वाजता.

मी शब्द निवडलाय "लागणे". दिवसभर तोच तर बोलते. गाडी लागली. पण बघा ना, भूक लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागतं. पहिल्या दिवशी मी "महाबळेश्वरची गाडी लागलेली आहे" म्हटलं, तर समोरच्या आजी म्हणाल्या, "गाडी लागणार हे माहितीये गं, म्हणून तर लिंबू घेतलंय."

देशभर ऐकतील म्हणे. देशाचं मला काही वाटत नाही. तुम्ही ऐकाल आणि काय म्हणाल, त्यावर ठरणार मी पास की नापास. त्या दिवशी तुम्ही ऐकलं नाहीत तर मी बोलले काय आणि न बोलले काय.

तुमची,
मेघाली

*

डोंबिवली पूर्व
१९ जानेवारी

चि. मेघाली हिस पोपटमामाचे आशीर्वाद, अभिनंदन आणि सूचना. तिन्ही याच क्रमाने घेणे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. रंभा स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली, बहुधा आनंदाचंच असावं. मग मी पुन्हा वाचलं. नंतर खाली जाऊन वाण्याला, इस्त्रीवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. सेक्रेटरी म्हणाला, कोण मेघाली? मी म्हटलं, माझी भाची. त्याने पुढेही काही विचारलं, पण तेवढ्यात मी निघालो.

पोरी, चाळीस वर्षं मी रेडिओला पत्रं लिहिली. "वागळे इस्टेट, ठाणे येथून आमचे नियमित श्रोते पोपट म्हसकर लिहितात" असं निवेदिका म्हणायची आणि ओटा गप्प व्हायचा. तुझे बाबा गोमाजी, जे वर्षातून चार वाक्यं बोलतात, तेही म्हणायचे, "पोपट, तू रं!" पण ते माझं वाचलेलं नाव. तू स्वतः बोलणार. माझ्या शिष्येचा आवाज देशभर जाणार! मला कालपासून जेवण जात नाही. रंभा म्हणेल खोटं आहे, तिचं ऐकू नकोस.

आता सूचना. दही खाऊ नकोस. "लागणे"तला ण हा ण आहे. तुमच्या घरात ण जन्मालाच येत नाही, लहानपणी तुला "पाणी" म्हणायला शिकवताना मी अर्धा झालो होतो. बाकी शब्द उत्तम निवडलास. सगळं लिहून काढ आणि मला पाठव, म्हणजे आधीच तपासता येईल.

एक अडचण आहे. माझा रेडिओ हल्ली नीट लागत नाही. समोर टॉवर उभे राहिलेत, त्यात लाटा अडत असणार. पूर्वी निदान खरखर यायची, आता तीही येत नाही. पण तू काळजी करू नकोस. तेरा तारखेला पहाटेपासून मी रेडिओसमोर असेन.

तुझा पहिला श्रोता,
पोपटमामा

*

बाळकुम
३ फेब्रुवारी

मामा,

नवा रेडिओ मिळाला ना? बाबांच्या हाती मुद्दाम पाठवला, सोबत आईने सुके बोंबील दिलेत. रेडिओला बोंबलाचा वास लागला असेल तर एक-दोन दिवस गॅलरीत ठेवा. बघा, "वास लागणे" राहिलाच होता, आता घालते.

बाबा परत आले ते हसतच. म्हणाले, "मी त्याला बोललू, पोपट, जरा पानी दे रं. तं तो बोलतो, हो हो, सकाळचा कार्यक्रम उत्तमच असतो!" त्यांनी पुन्हा मागितलं, तर तुम्ही त्यांना रेडिओचा इतिहास सांगितलात. शेवटी मामीने पाणी दिलं. मामा, रेडिओचं वेड किती असावं! आम्ही घरी आलो तरी तुम्हीच बोलता आणि आम्ही माना हलवतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. बाबांना मात्र वाटलं, तुम्ही पाण्याची काटकसर करताय. मी सांगितलं, मामांचं लक्ष तेरा तारखेकडे लागलंय. (लक्ष लागणे! हाही घालते.)

आई म्हणते, "मामाला इचार, रेडिओवाले पोरीला जेवाला घालतील का नाय." तिला रेडिओ म्हणजे लग्नघर वाटतं.

पूर्ण भाषण सोबत पाठवतेय. शेवट मी जरा भारदस्त केलाय, तुम्हाला आवडेल म्हणून. "शब्द हीसुद्धा एक गाडीच आहे. ती योग्य वेळी, योग्य फलाटावर लागली, तरच माणूस माणसाच्या गावी पोचतो." वाचून दाखवलं तर आमच्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, ही गाडी कंच्या डेपोची? लाल पेनाने तपासून पाठवा.

मेघाली

*

डोंबिवली पूर्व
७ फेब्रुवारी

चि. मेघाली,

लाल पेन वाळलं होतं, हिरव्याने तपासलं आहे. फक्त तीन जागी खुणा आहेत. शेवट मात्र फारच उंच झालाय! तो "माणूस माणसाच्या गावी" वाचताना मी पेन खाली ठेवलं. तिथे घाई करू नकोस. "गावी" म्हणून झालं की एक श्वास घे आणि मग धन्यवाद म्हण.

गोमाजीला म्हणावं, पाण्याचं मनावर घेऊ नकोस. मी विचारात होतो.

रेडिओ देखणा आहे. बटण फिरवलं की लाल दिवा लागतो. आवाजाचं म्हणशील तर आमच्या भागापर्यंत लाटाच पोचत नाहीत, त्यात रेडिओचा दोष नाही. मी पूर्ण मोठा करून पाहिला, तर वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले आणि हातवारे करून गेले. माणसांना हल्ली चांगल्या कार्यक्रमांची गोडी राहिलेली नाही.

वर्तमानपत्रात त्या दिवसाचे सगळे कार्यक्रम छापून आलेत, ते कापून भिंतीवर लावले आहेत. पहाटे मधमाश्यांवर भाषण, मग दीपगृहातल्या माणसाची मुलाखत, दुपारी श्रुतिका आणि चार वाजता तू. रंभाला सांगून ठेवलंय, त्या वेळी कुकर लावायचा नाही.

विजयी भव.
पोपटमामा

*

पोस्टकार्ड
डोंबिवली पूर्व
१४ फेब्रुवारी

चि. मेघाली,

धन्य झालो! काल पहाटेपासून एक शब्द सोडला नाही. मधमाश्यांच्या भाषणाने दिवसाची सुरुवात फारच गोड झाली. दीपगृहही छान. आणि चार वाजता तू! काय तो आवाज, काय ते च आणि ज! लिंबूवाल्या आजींवर मी एकटाच खोखो हसलो. आणि शेवट! "माणूस माणसाच्या गावी पोचतो" म्हणून तू जो श्वास घेतलास, त्या श्वासाला शंभरपैकी शंभर. डोळ्यांत पाणी आलं. जागा संपली.

पोपटमामा

*

बाळकुम
१८ फेब्रुवारी

मामा,

तुमचं कार्ड पोचलं. मी ते वाचून हसले, मग पुन्हा वाचलं, आणि मग केबिनचा माईक बंद आहे ना ते बघून रडले.

मधमाश्या आल्याच नाहीत, मामा. त्या माणसाची तब्येत बिघडली म्हणून आयत्या वेळी राजस्थानातल्या एका उंटवाल्याला बसवलं होतं.

आणि तो शेवट मी बोललेच नाही.

"माणूस माणसाच्या गावी" रेडिओवर कुणीच ऐकलं नाही, कारण ते माझ्या पर्समध्ये घडी करून ठेवलेल्या कागदावर होतं. ते फक्त तुम्ही वाचलंत.

मी मामीला फोन लावला. आधी तिने "कुकर लावलाय" वगैरे सांगून बघितलं, मग बोलली. दीड वर्ष झालं म्हणे. कारखान्यातल्या पत्र्याच्या मशीनने आधीच अर्धे कान खाल्ले होते, बाकीचे वयाने. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलंय, ते डबीसकट शोकेसमध्ये पडलंय, आणि तुम्ही कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीत. म्हणजे टॉवर नाहीत, लाटा नाहीत, आणि माझं अक्षरही बिघडलेलं नाही. फोनवर आपल्याला ऐकू येणार नाही म्हणून मला दीड वर्ष पत्रं लिहायला लावलीत? आणि मी येडी, दोन-दोन रेडिओंना नावं ठेवत बसले.

मी चिडलेय. तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. मी काय सेक्रेटरी आहे का, की माझ्यासमोरून निघून जायचं?

आता चिडून झालं. तुमचा दिवस बुडाला ना, तो तुम्हाला देते. सकाळची ड्युटी करून मी अकराला स्टुडिओकडे निघाले, तोवर केबिनमध्ये रेडिओ चालू होता आणि ड्रायव्हर-कंडक्टर खिडकीला लटकले होते. तो उंटवाला म्हणाला, उंट रुसला तर दोन दिवस मागे वळून बघत नाही. आमचे एक कंडक्टर म्हणाले, आमच्या घरी पण हाय. दीपगृहातल्या माणसाने सांगितलं, दिवा त्याने लावला तरी उजेडात तो स्वतः कधीच नसतो. मग तमिळमध्ये एक आजी चिंचेबद्दल बोलल्या. एका अक्षराचा कुणाला पत्ता लागला नाही, पण सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि नाशिकची गाडी पाच मिनिटं लेट सुटली. श्रुतिका मी स्टुडिओत बाकावर बसून ऐकली. त्यात दोन म्हाताऱ्या बहिणी एकमेकींना आपली चाळशी सापडत नाही हे कळू देत नाहीत आणि दोघी मिळून चुकीच्या घरच्या लग्नात जेवून येतात. तुम्ही असतात तर तुम्हाला ती टोचली असती.

चार वाजता मला आत बसवलं. संचिताताई म्हणाल्या, "कागदाकडे बघू नका. कुणातरी एका माणसाशी बोला." मी काचेकडे बघितलं आणि म्हटलं, पलीकडे मामा ओट्यावर बसलेत. मग मला तो भारदस्त शेवट इतका खोटा वाटला की कागद उलटा केला आणि जे आलं ते बोलले. तुमच्याबद्दल बोलले. नाव घेऊन, आख्ख्या देशासमोर.

आणि तुम्ही ऐकलं नाहीत.

मेघाली

*

डोंबिवली पूर्व
२२ फेब्रुवारी

चि. मेघाली,

सर्वप्रथम, मधमाशीवाल्याने आयत्या वेळी आजारी पडणं हा बेजबाबदारपणा आहे. माझं सगळं नीट चाललं होतं.

दुसरं, शपथ मोडल्याबद्दल मी रंभाशी अबोला धरला. दोन दिवसांनी कळलं की तिच्या ते लक्षातच आलेलं नाही. ती म्हणाली (लिहून दाखवलं), "आपण एरवी तरी कुठे बोलतो? तुम्ही बोलता."

मी काय सांगणार होतो तुला? कानावर जगलो मी. लोकांना गाणी ऐकू येतात, मला निवेदिकेचा श्वास ऐकू यायचा, बातमी वाईट असली की ती किंचित थांबायची, ते मी ओट्यावर सगळ्यांच्या आधी ओळखायचो. त्या कानात आता खुंटी ठोकून बसू? नियमित श्रोते पोपट म्हसकर, बहिरे! मला लाज वाटते, पोरी. उघड लिहितो, मला लाज वाटते. आणि भीतीही वाटते. मशीन लावलं आणि तरीही ऐकू आलं नाही तर? आता निदान टॉवरवर ढकलता येतं.

रोज संध्याकाळी मी रेडिओ लावतो. दिवा लागतो. मी त्याच्यासमोर बसतो. तेरा तारखेलाही बसलो होतो, ते खोटं नाही. चारच्या ठोक्याला मी पेटीवर हात ठेवला. बोटांना बारीक कंप लागत होता, आणि ती तू होतीस. तुझा कागद समोर धरून मी तुझ्याबरोबर वाचत गेलो. मला वाटलं, आपण दोघं एकदमच संपवलं.

तू माझ्याबद्दल काय बोललीस ते लिहून पाठव. माझे डोळे शाबूत आहेत.

पोपटमामा

*

बाळकुम
२६ फेब्रुवारी

मामा,

हात ठेवला होतात ते वाचून मी पुन्हा माईक बंद आहे ना ते बघितलं.

पण लिहून पाठवणार नाही. रेडिओवरची गोष्ट आहे, ती कागदावर येणार नाही. मी तुमचीच शिष्या.

तो दिवस लोकांना आवडला म्हणून निवडक भाषणं पुन्हा लावणार आहेत. माझं नऊ मार्चला, रविवारी, सकाळी अकराला. तोवर मशीनची सवय करा. मी डॉक्टरांना विचारलंय, पहिल्या दिवशी सगळं एकदम अंगावर येतं, मग हळूहळू मार्गी लागतं. आणि नाहीच ऐकू आलं, तर मी स्वतः येऊन तुमच्या कानाशी "चार चाकं" ओरडेन, वरचे लोक खाली येईपर्यंत. त्याची भीती तुम्ही एकट्याने घ्यायची नाही.

शेवटच्या मिनिटात माझी एक चूक झालीय. संचिताताईंना सापडली नाही, आईला तर ती चूकच वाटत नाही. देशात ती पकडणारा एकच माणूस आहे. पण त्यासाठी ऐकावं लागेल.

मेघाली

*

डोंबिवली
४ मार्च

मेघाली बाळा,

मी रंभामामी. मला पत्र लिहायची सवय नाही, पण यांच्या नकळत लिहितेय, ते गॅलरीत बसलेत. चिमण्या ऐकतायत.

शनिवारी मशीन लावलं. आधी शोकेसभोवती दोन दिवस फेऱ्या घातल्या, मग म्हणाले, "देशात एकच माणूस म्हणते कार्टी." लावल्याबरोबर पंख्यावर ओरडले, हा केवढ्याने बोलतो म्हणून. मग कुकरच्या शिट्टीला दचकले. संध्याकाळी मी माझ्या बहिणीशी फोनवर बोलत होते, तर समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "रंभा, तू इतकं बोलतेस?" मी म्हटलं, दीड वर्षात मला कुणी मध्ये अडवलं नाही ना!

काल बिचारे घाबरले. सगळा कल्लाच ऐकू येतो, शब्द सुटे होत नाहीत, म्हणाले, जमणार नाही. काढून डबीत ठेवलं. आज सकाळी आपणहून पुन्हा लावलं. रेडिओला अजून हात लावत नाहीत. रविवारीच लावणार म्हणतात.

तू देवाजवळ दिवा लाव. मी पण लावते.

तुझी मामी

*

डोंबिवली पूर्व
९ मार्च, दुपार

चि. मेघाली,

जेवायच्या आधी लिहितोय. रंभा ताट वाढून हाका मारतेय. ऐकू येताहेत, तरी लिहितोय.

साडेदहालाच रेडिओ लावला. आधी काहीतरी सूं सूं झालं, मग एक पुरुष बाजारभाव सांगत होता. कांदा म्हणाला. मेघाली, मला कांदा ऐकू आला! मी रंभाला सांगितलं, कांदा. ती म्हणाली, हो, कांदा. दोघंही हसलो.

मग तू आलीस.

पहिलं मिनिट मी काही समजून घेतलं नाही, फक्त आवाज ऐकला. तुझा आवाज भरला आहे. माझ्या कानांत तू अजून दीड वर्षापूर्वीचीच होतीस. मग शब्द सुटे झाले. लिंबूवाल्या आजी आल्या. मागच्या वेळी मी खोटं हसलो होतो, आज इतकं खरं हसलो की मशीन निसटलं आणि रंभाने ते पुन्हा बसवलं. त्यात तुझं "लग्न लागणे" हुकलं. तेवढं कबूल.

आणि मग तो कागद उलटा केलेला शेवट. मी तो इथे उतरवतो, म्हणजे ऐकल्याचा पुरावा राहील. तू म्हणालीस:

"मला हे शब्द ज्यांनी दिले ते पोपटमामा आमच्या चाळीत भाड्याने राहायचे. मी लहान असताना बोलायला उभी राहिले की पोरं हसायची. मामा रेडिओ बंद करायचे आणि म्हणायचे, आता ही बोलणार, सगळ्यांनी ऐका. खाडीचं पाणी ओट्याखाली आलं तरी ते उठायचे नाहीत. लोक मला विचारतात, हे पोपटमामा तुझे कोण लागतात? सख्खे नाहीत, चुलत नाहीत, जातीतले नाहीत, गावचे नाहीत. ते माझे कोण लागतात, मला सांगता येत नाही. पण मला ते लागतात. एवढं सांगून मी थांबते. धन्यवाद."

माझं आयुष्य मराठी ऐकण्यात गेलं, पण हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. रंभा पदर डोळ्यांना लावून बसली. मी रेडिओ बंद केला नाही. पुढे कुणीतरी पंजाबीत सायकलच्या चेनवर बोलत होता, तोही पूर्ण ऐकला.

तूही मला लागतेस, पोरी. तुला हे इतक्या वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, फक्त च आणि ज सुधारत बसलो.

आता निकाल. च उत्तम. ज उत्तम. "धन्यवाद"च्या आधी श्वास घेतलास, तो इथे शोभला. आणि तुझी चूक सापडली. मी वर "पाणी" लिहिलं आहे, कारण हाताला तसं वळण आहे. पण तू म्हणालीस "खाडीचं पानी". स्वच्छ न! राष्ट्रीय प्रसारणात! पूर्वीचा मी असतो तर दहा मार्क कापले असते. आज तो न कानावर पडला आणि तुमचा ओटा, खाडी, तुझ्या आईची, शेवंतीवहिनींची हाक, सगळं एकदम घरात आलं. राहू दे तो. तुमची खाडी आहे, तिचं पाणी तुम्ही म्हणाल तेच.

गोमाजीला सांग, पुढच्या वेळी आल्यावर मागायच्या आधी पाणी देईन.

हे पत्र तुला दोन-तीन दिवसांनी मिळेल. तोवर धीर धरवत नाही, पण लिहायला घेतलं आहे तर टाकतोच. पत्र बंद करावं, अशातलं काही नाही. अक्षर तुझं खरंच चांगलं आहे. मात्र हे वाचून झालं की लगेच फोन लाव.

लागेल.

पोपटमामा